बाहत्तर सेकंदांची प्रज्ञा

परीक्षांचे निकाल लागले की कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावी चौकाचौकांत फलक उभे राहतात. शिष्यवृत्तीधारक, प्रज्ञाशोध परीक्षेतील गुणवंत, बालवैज्ञानिक स्पर्धेतील पदकविजेते, कुठल्याशा ‘ऑलिंपियाड’मध्ये राज्यात अमुकावे आलेले. मुलांची छायाचित्रे, खाली शाळेचे नाव आणि मार्गदर्शक शिक्षकांचे अभिनंदन. फलक लावण्यात वावगे काही नाही. अभ्यासात पुढे असलेल्या मुलाचे गावाने कौतुक करावे, हे चांगलेच आहे. पण पुढच्या जूनमध्ये त्या मुलाच्या वर्गात काय बदलते, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते: काही नाही. तोच बाक, तेच पुस्तक आणि पुढच्या परीक्षेसाठी आणखी एक जादा तास.

महाराष्ट्रात हुशार मुले शोधण्याच्या सोयी कमी नाहीत. शोधलेल्या मुलांना पुढे काय द्यायचे, याची सोय मात्र फार थोड्या ठिकाणी आहे. बियाणे निवडून, पाखडून, पोत्यावर चिठ्ठी लावून ठेवायचे आणि पेरायचे मात्र राहून जायचे, असा हा प्रकार आहे. शिवाय, आमच्या मते, निवडीची आजची रीत नुसती अपुरी नाही. प्रज्ञा म्हणजे काय, याविषयी ती मुलांना, पालकांना आणि आपल्यालाही चुकीची शिकवण देते. या लेखात तिचीच तपासणी करायची आहे.

एका प्रश्नाला किती वेळ?

महाराष्ट्रातील शालेय शिष्यवृत्ती परीक्षेचा आराखडा शिक्षकांच्या परिचयाचा आहे. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण आणि वेळ ९० मिनिटे. भागाकार केला तर एका प्रश्नाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, विचार करायचा, चार पर्यायांतून एक निवडायचा आणि गोल काळा करायचा.

आता आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड पाहा. भारत तीत १९८९ पासून भाग घेतो आणि १९९६ साली ती मुंबईत भरली होती. तेथे दोन दिवसांत मिळून सहा प्रश्न असतात. रोज तीन प्रश्न आणि साडेचार तास. म्हणजे एका प्रश्नाला ९० मिनिटे. आपल्याकडे जितक्या वेळात ७५ प्रश्न सोडवायचे, तितक्या वेळात तेथे एकच. पर्याय दिलेले नसतात. उत्तर काय आले यापेक्षा ते तसेच का असले पाहिजे, याची सिद्धता लिहावी लागते. अर्धवट पण योग्य दिशेने गेलेल्या विचारालाही गुण मिळतात.

दोन्ही परीक्षांचे हेतू वेगळे आहेत आणि दहा वर्षांच्या मुलाला दीड तासाचा प्रश्न द्यावा, असे कोणीच म्हणणार नाही. तरीही हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिलीत वेग, सराव आणि पर्याय गाळण्याची हातोटी मोजली जाते. दुसरीत अडलेल्या प्रश्नापाशी थांबण्याची, वाट चुकली तर मागे येऊन दुसरी धरण्याची क्षमता मोजली जाते. आम्ही ज्या व्यवसायात आहोत, त्यात पहिल्या गुणाचा उपयोग कधीमधी होतो. दुसऱ्यावाचून एक दिवसही निभत नाही. संशोधनात ७२ सेकंदांत सुटणारे प्रश्न कोणी आपल्यासाठी शिल्लक ठेवलेले नसतात.

गंमत अशी की आपल्याकडे अनेक खासगी चाचण्यांनी ‘ऑलिंपियाड’ हे नाव उचलले आणि बहुपर्यायी प्रश्नपत्रिका मात्र तशीच ठेवली. पहिली-दुसरीच्या मुलांनाही शुल्क भरून या परीक्षांना बसवले जाते, पदके मिळतात, पालक खूश होतात. त्यांच्या मनात ऑलिंपियाड म्हणजे अधिक कठीण शिष्यवृत्ती परीक्षा, एवढाच अर्थ उरतो.

शिष्यवृत्ती परीक्षेविषयीचा आपला सार्वजनिक वाद कशावर होतो, तेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी ही परीक्षा चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला नेली. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाला. चर्चा झाली ती बहुतांशी इयत्तेची. निवड झालेल्या मुलाला पैशांखेरीज शैक्षणिक असे काय द्यायचे, हा प्रश्न कोणी फारसा काढला नाही.

एका चांगल्या योजनेची गोष्ट

राष्ट्रीय प्रज्ञाशोध योजनेचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. १९६३ साली दिल्लीत दहा शिष्यवृत्त्यांनी तिची सुरुवात झाली. पुढच्या वर्षी ती देशभर लागू झाली आणि शिष्यवृत्त्यांची संख्या ३५० झाली. तेव्हा ती केवळ मूलभूत विज्ञानांसाठी होती. निवडीसाठी विज्ञान अभिक्षमता चाचणी तर होतीच. शिवाय दिलेल्या वैज्ञानिक विषयावर निबंध लिहावा लागे, आणि विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल परीक्षेच्या वेळीच द्यावा लागे. या तिन्हींतून निवडलेल्यांची मुलाखत होई. म्हणजे मूल कसा विचार करते, तो कसा मांडते आणि हाताने काय करते, या तिन्ही गोष्टी कोणीतरी पाहत असे.

१९७६ मध्ये १०+२+३ या आकृतिबंधाबरोबर योजना बदलली. सामाजिक शास्त्रे, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांना तिची दारे उघडली, हे योग्यच झाले. पण त्याच वेळी निवडीचा भार बौद्धिक क्षमता आणि शालेय अभिक्षमता अशा दोन वस्तुनिष्ठ चाचण्यांवर गेला. निबंध आणि प्रकल्प गळाले. पुढे मुलाखतही गेली. योजनेची मान्यता मार्च २०२१ पर्यंतच होती. त्यानंतर ती स्थगित करण्यात आली.

या प्रवासामागे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. परीक्षार्थी हजारांवरून लाखांवर गेले की प्रकल्प वाचायला माणसे कोठून आणायची? वस्तुनिष्ठ प्रश्नांना तपासनिसाच्या मर्जीचा स्पर्श होत नाही, हाही मोठा गुण आहे. ओळखपाळख नसलेल्या खेड्यातील मुलाला त्याचाच आधार वाटतो. हे सगळे मान्य. पण सोयीसाठी जे मोजता येते ते मोजायला लागलो, आणि हळूहळू जे मोजतो तेच प्रज्ञा असे मानायला लागलो, ही दुसरी पायरी टाळता आली असती.

होमी भाभा स्पर्धा : उलटा क्रम

मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ पासून घेत असलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा या सर्वांत उजवी आहे, असे आमचे मत आहे. सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली ही स्पर्धा सरकारने नव्हे, विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने उभी केली. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक परीक्षा, नंतर कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत अशी तिची रचना आहे. सहावीतल्या मुलाने स्वतः उपकरण हाताळावे, स्वतः निरीक्षण नोंदवावे आणि आपल्या प्रकल्पाविषयी अनोळखी माणसांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, असा आग्रह धरणाऱ्या शालेय परीक्षा आपल्याकडे विरळाच आहेत.

टीका आहे ती क्रमावर. स्पर्धेतला सर्वांत शैक्षणिक भाग म्हणजे प्रात्यक्षिक आणि प्रकल्प. पण तेथपर्यंत पोहोचायचे तर आधी वस्तुनिष्ठ लेखी परीक्षेची चाळणी पार करावी लागते. परिणामी, स्पर्धेला बसलेल्या बहुसंख्य मुलांच्या वाट्याला फक्त पहिला टप्पा येतो आणि शाळाही त्याचीच तयारी करून घेतात. ज्या मुलाचा हात चालतो पण वाचनाचा वेग कमी आहे, ते मूल प्रयोगाच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही. पुढचे टप्पे पार करणाऱ्या मुलांसाठी शहरांत खास वर्ग निघाले आहेत. तेथे कृतिसंशोधनाचे विषयही तयार मिळतात. ज्याच्या नावातच कृती आणि संशोधन आहे, ते तयार मिळत असेल तर त्यात मुलाचे काय उरले?

मंडळाच्या कामाविषयी आदर ठेवूनच आम्ही सुचवतो की क्रम उलटा करून पाहावा. निदान एका जिल्ह्यात, एका वर्षापुरते, इच्छुक शाळांनी आधी वर्गात एक लहान प्रकल्प करावा, मुलांनी वही लिहावी, आणि लेखी गुणांबरोबर त्या वहीलाही पुढच्या टप्प्याचे दार उघडण्याचा अधिकार असावा. सगळ्या वह्या मुंबईला जाण्याची गरज नाही. शेजारच्या शाळेतील दोन विज्ञान शिक्षक त्या वाचू शकतात.

चाळणीतून काय गळते?

बुद्धिमत्ता चाचणीने मुले निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचा प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९२१ मध्ये सुरू केला. कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार मुले त्यांनी निवडली. त्यांतील पुष्कळांनी पुढे चांगले यश मिळवले. पण ज्यांची चाचणी झाली आणि जे निवडीच्या रेषेखाली राहिले, त्यांत दोन मुलगे होते: विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ. पुढे दोघांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले, पहिल्याला १९५६ मध्ये आणि दुसऱ्याला १९६८ मध्ये. निवडलेल्या दीड हजारांत नोबेल कोणालाच मिळाले नाही. यावरून चाचण्या निरर्थक ठरत नाहीत. मात्र रेषेखालच्या मुलाविषयी चाचणीने फारसे काही सांगितलेले नसते, एवढे नक्की ठरते.

दुसरा दाखला आपल्या घरचा आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ मध्ये झाली. त्याचे पहिले संचालक प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि डॉ. सुधाकर आगरकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. नुसता प्रज्ञेचा शोध न घेता त्यांनी शोध आणि संवर्धन असा जोड कार्यक्रम आखला. त्यांना दिसले की विज्ञानात मागे पडलेल्या पुष्कळ मुलांची अडचण विज्ञानाची नव्हतीच, ती पुस्तकाच्या भाषेची होती. भाषा सोपी केली, प्रयोग हाती दिला, प्रश्न विचारण्याची भीड मोडली की तीच मुले पुढे सरकू लागली. म्हणजे खतपाणी घातल्यावर निवडीचा निकालच बदलला. ज्या मुलाला काही मिळालेलेच नाही, त्याची प्रज्ञा मोजायची तरी कशी, हा त्या कामाने उभा केलेला प्रश्न आजही तसाच आहे.

कोपरगाव परिसरात हा प्रश्न दरवर्षी हंगामाबरोबर येतो. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही येतात. साधारणपणे फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षा होते, तेव्हा ही मुले आपल्या शाळेपासून दूर, कोपीवर असतात. तुरा आलेला ऊस आतून पोचट का होतो, मोळी कशी बांधली की बैलगाडीत जास्त बसते, हे त्यांना ठाऊक असते. निरीक्षणाची ही शिदोरी आपल्या कोणत्याच प्रश्नपत्रिकेत मोजली जात नाही.

एक नळी आणि उसाचा रस

आता खतपाणी म्हणजे नेमके काय, ते उदाहरणाने पाहू. महागडी प्रयोगशाळा नसेल तर हुशार मुलांसाठी काही करता येत नाही, हा समज कोपरगावात तरी टिकू नये. गोदावरीचा काठ, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून येणारे कालवे, काळी जमीन, कोळपेवाडी आणि सहजानंदनगर येथील साखर कारखाने, शहरातली विज्ञान महाविद्यालये. तालुक्याच्या एखाद्या गावाला विज्ञान शिकायला याहून अधिक काय हवे?

सारख्या जाडीची, पारदर्शक, वीतभर लांब हलकी नळी घ्या. खालचे तोंड मेणाने बंद करा. आत आलेखाच्या कागदाची पट्टी सरकवा आणि नळी पाण्यात उभी तरंगेल इतके सायकलचे छर्रे टाका. उंच मोजपात्रातील साध्या पाण्यात ती १२ सेंटिमीटर बुडते, असे समजू. आता १० ग्रॅम साखर ९० ग्रॅम पाण्यात विरघळवा. हे १० ब्रिक्सचे द्रावण. तसेच २० ग्रॅम साखर आणि ८० ग्रॅम पाणी म्हणजे २० ब्रिक्स. यांची घनता पाण्याच्या अनुक्रमे सुमारे १.०४ आणि १.०८३ पट असते. नळी जितके द्रव बाजूला सारते त्याचे वजन नळीच्या वजनाइतके, हे आर्किमिडीजचे तत्त्व मुलांना माहीत असते. तेव्हा पहिल्या द्रावणात नळी ११.५४ आणि दुसऱ्यात ११.०८ सेंटिमीटर बुडेल. म्हणजे पाण्याच्या तुलनेत ती सुमारे साडेचार आणि नऊ मिलिमीटर वर येईल.

इथवर हा पाठ्यपुस्तकातला प्रयोग झाला. पुढे वाट रुंदावते. रसवंतीवरून बर्फ, लिंबू आणि आले न घातलेला रस आणा. एकाच उसाचा बुडखा, मधला भाग आणि शेंडा वेगवेगळा गाळून घ्या. बुडख्याकडचा ऊस गोड असतो, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. पण किती गोड? नळीचे वाचन घेताना मुलांच्या लक्षात येते की दर ब्रिक्समागे नळी जेमतेम अर्धा मिलिमीटर हलते आणि डोळ्याची चूक तर एक मिलिमीटरची होऊ शकते. मग आपण मधला भाग आणि बुडखा यांत फरक सापडला असे म्हणतो, तो खरा फरक आहे की वाचनातली चूक? येथे मूल प्रथमच मोजमापावर अविश्वास दाखवायला शिकते. विज्ञानाची खरी सुरुवात येथून होते.

उपकरण सुधारायचे कसे, हा पुढचा प्रश्न. काही मुले नळी लांब करतील. एखादी मुलगी म्हणेल, खाली इंजेक्शनची रिकामी बाटली लावू आणि वर बॉलपेनच्या रिफिलीसारखी बारीक नळी ठेवू. असे केल्यावर बुडालेल्या आकारमानातला थोडासा बदलही बारीक नळीवर मोठे अंतर सरकतो. मग कळते की बाजारात मिळणाऱ्या घनतामापीला खाली फुगा आणि वर बारीक मान का असते. आकृती पाठ करण्यात आणि ती स्वतःला गरज पडून सुचण्यात जो फरक आहे, तोच नुसत्या परीक्षेत आणि शिक्षणात आहे.

आता खरा कठीण प्रश्न. रसात चमचाभर मीठ टाकले तरी नळी वर येते. मग ही नळी साखर मोजते की विरघळलेले सगळेच? उत्तर अर्थातच दुसरे आहे. कारखान्याच्या प्रयोगशाळेतही हा प्रश्न रोजचा असतो. ब्रिक्सने एकूण विरघळलेले घन पदार्थ कळतात. त्यांत ऊससाखर किती, हे ध्रुवित प्रकाशाची पातळी किती अंशांनी वळते त्यावरून ठरवतात. या दोहोंच्या गुणोत्तरावरून रसाची शुद्धता काढतात. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडला तर त्यातले पाणी उडून ब्रिक्स वाढतो आणि वजन घटते. त्याच वेळी ऊससाखरेचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होऊ लागतात. मग नळी म्हणते रस अधिक दाट आहे आणि कारखाना म्हणतो साखर कमी आहे. दोघेही खरे बोलतात! यात तोटा कोणाचा किती, याचा हिशेब नववीची मुले एक महिना घालू शकतील. त्यासाठी कारखान्याच्या रसायनतज्ज्ञाला भेटावे लागेल, घरी वडिलांना विचारावे लागेल. तोडणी कामगाराच्या मुलालाही येथे सांगण्यासारखे पुष्कळ असेल.

या सगळ्यात अभ्यासक्रमाच्या बाहेरचे म्हणावे असे फारच थोडे आहे. प्लावकता, घनता, द्रावण, टक्केवारी, आलेख, रासायनिक बदल. पुढच्या इयत्तेचे पुस्तक आधीच उरकणे म्हणजे हुशार मुलाला पुढे नेणे, अशी आपली समजूत असते. त्यापेक्षा याच इयत्तेत खोल उतरवणे अधिक कठीण आणि अधिक उपयोगी आहे.

देवळालीच्या मास्तरांचा वारसा

गणिताला तर नळीचीही गरज नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत शाळामास्तर होते. संशोधनाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्या ६१७४ या संख्येची ओळख जगभरच्या वाचकांना १९७५ मध्ये अमेरिकी विज्ञानलेखक मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून झाली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत हे ‘कापरेकर स्थिरांक किती?’ अशा एका ओळीच्या प्रश्नात आटपते आणि चार पर्यायांपैकी एकाला खूण होते. याहून करुण गोष्ट आम्हाला दुसरी ठाऊक नाही.

सातवीच्या मुलांना तीन अंकी संख्या द्या. काही वेळाने सगळ्यांच्या वहीत ४९५ दिसू लागेल. तेथे थांबू नका. विचारा: का? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणीतरी सांगेल की मधला अंक वजाबाकीत नेहमी ९ येतो. मग अक्षरे वापरून दिसते की वजाबाकी म्हणजे मोठ्या आणि लहान अंकांतील फरकाची ९९ पट. तेव्हा तिन्ही अंक सारखे नसलेली संख्या कोणतीही असो, पहिल्या पायरीनंतर फक्त नऊच शक्यता उरतात: ९९, १९८, २९७ अशा ८९१ पर्यंत. नऊ शक्यता हाताने तपासणे अवघड नाही. ९९ म्हणजे ०९९ पासून ८९१, ७९२, ६९३, ५९४ आणि मग ४९५. बाकीच्याही याच साखळीत येऊन मिळतात. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी अशा सर्व तीन अंकी संख्यांसाठी सिद्धता दिली! आता दोन अंकी संख्या घ्या: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९. येथे स्थिरांक नाहीच, चक्र आहे. ते असे का? आणि पाच अंकांचे काय? शिक्षकाला उत्तर येत नसेल तर उत्तमच. मुलांनी शिक्षकाला एखाद्या प्रश्नाशी झटताना पाहणे, हे आपल्या शाळांतून दुर्मीळ झालेले दृश्य आहे.

शिक्षकांच्या अडचणी

वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम संपवायचा, अशैक्षणिक कामे वेगळी. यात हे करायचे केव्हा, असे शिक्षक विचारतील. अडचण खरी आहे. आमचे म्हणणे इतकेच की शिष्यवृत्तीच्या जादा तासांना आज जो वेळ दिला जातो, त्यातला आठवड्याचा एक तास मागावा. महिन्याला एकच प्रश्न घ्यावा आणि तो महिनाभर टिकेल असा असावा. पालकांना गुण हवे असतात, हेही खरे. ते एकदम ऐकणार नाहीत. पण पदकांच्या फलकाशेजारी मुलांच्या वह्या मांडल्या तर त्याही वाचणारे पालक भेटतात.

या तासाला मुले कोणती घ्यायची? येथे आम्ही आग्रहाने सांगू की निवड करू नये. दार उघडे ठेवावे. पहिल्या आठवड्याला चाळीस येतील, तिसऱ्याला पंधरा. त्या पंधरांत वर्गातले पहिले तिघे असतीलच असे नाही. ज्याला प्रश्न सोडवत नाही ते मूल आपोआप ओळखू येते. निवड प्रश्नालाच करू द्यावी. त्याला ना शुल्क लागते ना तपासनीस.

वेगळ्या संस्था काढून काम होते का? पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला निघाली. प्रवेशासाठी तेथेही चाचण्या आहेत. पण निवड ही तेथे सुरुवात मानली गेली. पाचवी ते दहावी अशी सहा वर्षे मुलांना प्रकल्प, गटचर्चा, समाजात जाऊन केलेली कामे यांतून नेले जाते. निवडीमागे पोषणाची योजना असली तर काय होते, हे तेथे दिसते. मर्यादा उघड आहे. अशी प्रशाला थोड्या मुलांना पुरते आणि ती गाठण्यासाठी त्या गावात असावे लागते. तालुक्यातल्या मुलाला त्याचे घर आणि शाळा न सोडता काही मिळायचे असेल तर ते त्याच्या शाळेतच मिळाले पाहिजे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात याला वाव आहे. शाळा, शाळासमूह आणि जिल्हा पातळीवर विषयवार आणि प्रकल्पाधारित मंडळे असावीत, असे धोरण म्हणते. कागदावरचे हे वाक्य कोपरगावात उतरवायला फार काही लागणार नाही. चार-पाच शाळांनी मिळून एक मंडळ करावे. महाविद्यालयाने महिन्यातून एका शनिवारी प्रयोगशाळा उघडावी. कारखान्याच्या प्रयोगशाळेने हंगामात एक दिवस मुलांच्या रसाचे नमुने तपासून द्यावेत, म्हणजे मुलांना आपल्या नळीचे वाचन खऱ्या उपकरणाशी ताडून पाहता येईल. आणि हंगामापुरत्या आलेल्या मुलांना या मंडळात पाहुणे न मानता त्यांच्याकडून ऊस समजून घ्यावा.

शिष्यवृत्ती परीक्षा राहतील, राहाव्यातही. गरीब घरच्या मुलाला तिची रक्कम आणि तिने दिलेला आत्मविश्वास दोन्ही लागतात. पण ७२ सेकंदांत जे दिसते ते प्रज्ञेचे फार तर एक टोक असते. बाकीची पाहायला एक महिना, एक नळी आणि उत्तर माहीत नसलेला एक प्रश्न पुरेसा आहे. येत्या गाळप हंगामात कोणा शाळेने हा उसाचा प्रयोग केला तर मुलांच्या वह्यांतल्या नोंदी, चुकलेल्या वाचनांसकट, या मासिकाकडे जरूर पाठवाव्यात. चुकलेली वाचने आम्हाला अधिक हवी आहेत.